नातवंडाचं नाव, अर्थासकट

२ फेब्रुवारी, सकाळ

मुलीचा फोन. सहावा महिना लागला, सगळं ठीक आहे, डॉक्टरीणबाई खूश आहेत. फोन ठेवला आणि उरलेला चहा संपेपर्यंत निर्णय झाला: नातवंडाचं नाव मी शोधणार.

यात गर्व वगैरे काही नाही. सरळ हिशेब आहे. मी एकतीस वर्षं नावांच्या धंद्यात आहे. दारावरच्या पितळी पाट्या, ऑफिसचे शिक्के, बक्षिसाच्या ट्रॉफ्या. या शहरातली निम्मी नावं माझ्या हाताखालून गेली आहेत. उरलेल्यांकडे पाटीच नाही, तेव्हा त्यांना ओळखतं कोण? असा अनुभवी माणूस घरात असताना नाव बाहेरून आणायचं म्हणजे शिंप्याच्या पोराने उघडं फिरायचं.

मुलीच्या कानावर घातलं. ती म्हणाली, बाबा, नावाचा विषय आत्ता नको. बाळ हातात येऊ दे, मग बघू. गेल्या वर्षी चौथ्या महिन्यात जे व्हायला नको होतं ते झालं, तेव्हापासून ती जरा हळवी झाली आहे. मला समजतं ते. बापाला नाही समजणार तर कुणाला? म्हटलं, बरं बाई, नाही काढत विषय.

पण विषय काढायचा नाही म्हणजे विचारही करायचा नाही असं थोडंच आहे. रिसर्च गुपचूप चालू ठेवीन. संकल्प: महिनाअखेर नाव फायनल. मुलीपाशी चकार शब्द नाही. शिवाय उद्यापासून रोज सकाळी फिरायला जाणे. आजोबा फिट पाहिजेत.

५ फेब्रुवारी

नावांचं पुस्तक आलं. जगभरची पंचवीस हजार नावं, मूळ आणि अर्थासकट. इंग्रजीत आहे. कुरियरवाल्याने दोन्ही हातांनी उचलून दिलं. बायकोने विचारलं, हे वाचायचं आहे की दाराला टेकण लावायचं? तिला रिसर्चची सवय नाही.

फिरायला गेलो नाही. पुस्तक यायचं होतं.

९ फेब्रुवारी

'सी' अक्षरापर्यंत पोचलो. धक्का बसला. क्लॉडिया म्हणजे लंगडी. सेसिलिया म्हणजे आंधळी. कॅमरन म्हणजे वाकड्या नाकाचा. कॅल्विन म्हणजे टकल्या. इतकी ऐटबाज नावं आणि आत हा माल! म्हणजे पाटी पितळेची आणि दार कुजकं.

बायकोला वाचून दाखवलं. ती पालेभाजी निवडत होती. म्हणाली, बरं आहे की, बाळाकडे बघायचं आणि दिसेल ते ठेवून द्यायचं. तुम्ही तिकडे जन्मला असतात तर तुमच्या आईवडिलांना विचारच करावा लागला नसता. एवढं बोलून माझ्या नाकाकडे बघितलं.

माझं नाक अगदीच वाकडं नाही. एका बाजूने तर सरळ दिसतं.

१४ फेब्रुवारी, दुकानात

दाताचे डॉक्टर नव्या दवाखान्याची पाटी सांगायला आले. मी ऑर्डर लिहून घेता घेता सहज त्यांच्या नावाचा अर्थ बघितला. फुकट सेवा. आता हल्ली गिऱ्हाइकाला असं जादा काही दिलं की ते टिकतं. त्यांच्या नावाचं मूळ एका जुन्या भाषेत 'वेदना' या शब्दात सापडलं. मी हसत हसत म्हटलं, बघा, किती योग्य धंदा निवडलात! डॉक्टर हसले नाहीत. पाटीचं नंतर कळवतो म्हणाले.

मशीनवर बसणारे आमचे कारागीर म्हणाले, शेठ, तो माणूस पाटी करायला आला होता, पितरांचा उद्धार करून घ्यायला नाही. कारागिरांना नवी पद्धत पटत नाही. वीस वर्षं त्यांनी अक्षरं कोरली, पण एकाही नावाच्या आत डोकावून बघितलं नाही. नुसत्या पाट्या टाकल्या.

डॉक्टर येतील परत. दात दुखला की मीच जाईन, तेव्हा आठवण करून देईन.

२२ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉल. मुलगी छान दिसते. चेहरा भरला आहे. तिच्या मागे खुर्चीत व्याही बसले होते, भुईमुगाच्या शेंगा फोडत. पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झाल्यापासून माझ्या मुलगी-जावयाकडेच असतात. तासभर कॉल चालला, पण हा माणूस एक अक्षर बोलला नाही. शेंगा फोडायच्या, दाणे वाटीत टाकायचे, वाटी माझ्या मुलीपुढे सरकवायची. बस्स.

मला हे चिन्ह ठीक दिसत नाही. इतका गप्प माणूस म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला. याच्याकडे नक्की एखादं नाव तयार आहे. मी आडून विचारलं, काय व्याही, काही ठरवलंय की नाही? ते म्हणाले, कशाचं?

बघा. किती मुरलेला माणूस आहे.

१ मार्च

महिनाअखेर उलटली. नाव फायनल झालं नाही, कारण फेब्रुवारी लहान असतो. पण आज सोनं सापडलं! आफ्रिकेत अकान नावाचे लोक आहेत, ते मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला देतात. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, शनिवारची मुलगी अमा. काय शास्त्रशुद्ध पद्धत! ना वाद, ना रुसवे. डॉक्टरीणबाईंनी तारीख ३ जून दिली आहे. कॅलेंडर काढलं. बुधवार. मुलगा झाला तर क्वाकू, मुलगी झाली तर अकुआ. विषय संपला.

बायको म्हणाली, तुमची स्वतःची मुलगी दिलेल्या तारखेनंतर दहा दिवसांनी आली होती. तेव्हा तुम्ही त्या तारखेला दुकान बंद ठेवून घरी बसला होतात आणि ती आली त्या दिवशी दुकानात होतात. विसरलात?

विसरलो नव्हतो. हिशेबात धरलं नव्हतं. विषय पुन्हा सुरू.

७ मार्च

एक नवी आयडिया. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक नाव अर्थासकट टाकायचं. सुचवायचं नाही. नुसतं जनरल नॉलेज. वर ठळक अक्षरांत 'सहज माहितीसाठी' असं लिहायचं, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. आज पहिलं: सोफिया, ग्रीक, शहाणपण. जावयाने लगेच अंगठा दिला. व्याह्यांनी पाहिलं, उत्तर नाही. मुलीने पाहिलं, उत्तर नाही.

अंगठा म्हणजे निम्मा होकार.

११ मार्च

नादिया, म्हणजे आशा. फिलिप, घोड्यांवर प्रेम करणारा. अर्सुला, अस्वलाचं पिल्लू. जावयाचे तीन अंगठे. मुलगी गप्प. त्यांच्याकडे नेटवर्कचा घोळ असणार.

बायको म्हणते, तुम्ही तिला शब्द दिला होतात. मी म्हटलं, मी शब्दाला पक्का आहे. हे जनरल नॉलेज आहे, अस्वलाच्या पिल्लाचं नाव मी नातीला कशाला देईन? ती म्हणाली, देवाला ठाऊक.

१५ मार्च

आजचं नॉलेज तर अफलातून. मंगोलियात काही मुलांची नावं अशी असतात: नेरगुई, म्हणजे बिननावाचा. एनेबिश, म्हणजे हा नव्हे. वाईट शक्तींना पत्ता लागू नये, त्यांनी हा कुणीच नाही असं समजून पुढे निघून जावं म्हणून. आपल्याकडेही जुन्या पिढीत दगडू-धोंडू असायचेच. सगळं सविस्तर टाइप केलं. खाली टीप जोडली की ज्या घरात आधीचं मूल जगत नाही तिथे विशेष करून अशी नावं ठेवतात. पाठवलं आणि दुकानात गेलो.

संध्याकाळी बघतो तर मुलगी ग्रुप सोडून गेलेली. फोनची मेमरी भरली असेल. मीच जरा मोठे मेसेज टाकतो.

जेवायला बसलो. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

१६ मार्च

बायकोने सांगितलं. टिपेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे वाचा, तिचे डोळे लावून वाचा.

वाचलं.

मी मूर्ख आहे. हे मी रागाने लिहीत नाहीये, नीट विचार करून लिहितोय. मुलीला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, उचलला नाही. ग्रुपवरचे सगळे मेसेज पुसले. पुसताना लक्षात आलं की सगळ्यांचे ते वाचून झालेले आहेत. बैल गेला आणि झोपा केला.

संकल्प: नाव हा विषय बंद. पुस्तक कपाटावर ठेवलं. एकदम वर, जिथे हात पोचत नाही.

२४ मार्च

स्टूल घेऊन पुस्तक खाली काढलं. धूळ बसते. पुसता पुसता एक पान उघडं पडलं, म्हणून वाचलं.

विचार केला. फोन उचलत नाही, मेसेज वाचत नाही, मग माफी मागायची तरी कशी? गवयाने गाऊन मागावी, आचाऱ्याने रांधून मागावी. माझ्या हातात काय आहे? पितळ. आजवर केली नसेल अशी पाटी करीन, बाळाच्या खोलीसाठी. शब्दाने जे बिघडलं ते कामाने दुरुस्त होईल. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, माझं मलाच सुचलं.

४ एप्रिल, दुकानात

मुलीसाठी झोई. ग्रीक. अर्थ: जीवन. मुलासाठी फेलिक्स. लॅटिन. अर्थ: भाग्यवान, सुखी. गेल्या वर्षीच्या दुःखावर याहून चांगली फुंकर असू शकत नाही. बायकोला सांगितलं नाही, नुसतं विचारलं की फेलिक्स ऐकून काय वाटतं. ती म्हणाली, खाजेचं मलम. झोईबद्दल विचारायचं धाडस झालं नाही.

पण मुलगा की मुलगी हे कुठे माहीत आहे? इथे अनुभव कामी आला. आमच्या धंद्यात एखादी पाटी चुकली तर पत्रा फेकत नाहीत, उलटा करून मागच्या बाजूला दुसरं नाव कोरतात. मी तेच आधीच करणार! पुढे झोई, मागे फेलिक्स. जे येईल ती बाजू वर. नुसतं भिंतीवर फिरवून लावायचं. स्वतःवरच खूश झालो.

कारागिरांना पत्रा दिला. ते म्हणाले, प्रूफवर सही कुणाची? आमच्या दुकानात नियम आहे, काउंटरच्या मागे मीच कोरून लावला आहे: कागदावरच्या नमुन्यावर, म्हणजे प्रूफवर, गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय मशीनला हात लागणार नाही. मी म्हटलं, सही माझी. ते म्हणाले, गिऱ्हाईक तुम्ही? म्हटलं, हो. त्यांनी पत्रा माझ्यापुढे सरकवला आणि बाहेर चहा प्यायला गेले.

स्वतः कोरली. कडेने पानांची वेल. नाव मोठं, मूळ बारीक, अर्थ मधोमध. बफिंग करून चकाकी आणली, वर लॅकरचा थर मारला. दोन्ही बाजूंना माझा चेहरा दिसत होता.

१२ एप्रिल

पाटी कुरियरने रवाना. मऊ कापडात गुंडाळून. चिठ्ठी नाही. कामच बोलेल.

१४ एप्रिल

फोन नाही. कुरियर पोचलं असं दाखवतंय.

१५ एप्रिल

फोन आला. जावयाचा. माझ्या नाही, बायकोच्या फोनवर. ती ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी खुणेने विचारलं, काय? ती म्हणाली, रडतेय. मी म्हटलं, आनंदाश्रू. बायकोने फोन माझ्या हातात दिला.

जावई भला मुलगा आहे. आवाज चढवला नाही. म्हणाला की गेल्या वर्षी त्या दोघांनी तिसऱ्या महिन्यातच एक नाव ठरवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. दोघंच घरात त्या नावाने हाका मारायचे. तेव्हापासून बाळ येण्याआधी नाव म्हटलं की तिला सहन होत नाही. काल पाटी उघडली, नाव दिसलं, तिने पाटी पालथी घातली. तर मागेही नाव. मग ती पाटी हातात धरून नुसती उभी राहिली, कुठल्या बाजूने ठेवावी ते कळेना. शेवटी व्याह्यांनी तिच्या हातातून घेतली, पेपरात गुंडाळली आणि कुठेतरी ठेवून आले. कुठे ते कुणी विचारलं नाही.

आणि हो, जावई म्हणाला, तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय, प्रूफ दाखवलं होतंत का?

दुकानात वाढलेली पोर आहे.

मी म्हटलं, नाही दाखवलं. फोन बायकोला परत दिला. ही अक्षरं नीट येत नाहीयेत.

१८ एप्रिल

फोन केला. उचलला नाही.

२३ एप्रिल

नाही.

२९ एप्रिल

बायकोशी मात्र रोज बोलते. मी कानोसा घेतला असं नाही, घर लहान आहे. मुलगी रोज संध्याकाळी व्याह्यांजवळ जाऊन बसते म्हणे. मी विचारलं, काय बोलतात एवढं? बायको म्हणाली, काहीच नाही. ते शेंगा फोडतात, ती खाते. मी म्हटलं, काहीच बोलत नाहीत तर बसते कशाला? बायको म्हणाली, म्हणूनच बसते.

हेवा वाटला. शेंगांचा नाही.

३० एप्रिल

संकल्प: गप्प बसायला शिकणे. कठीण काय आहे त्यात? न करण्याचंच तर काम आहे.

३ मे

पहिला दिवस. दुकानात मूग गिळून बसलो. एक बाई शाळेच्या बक्षिसांची ऑर्डर घेऊन आल्या, मी नुसती मान हलवत राहिलो. त्यांनी कारागिरांना बाजूला घेऊन विचारलं की मालकांना अर्धांगाचा झटका वगैरे आला होता का. घरी आलो तर बायकोने कपाळाला हात लावून बघितला.

संध्याकाळपर्यंत टिकलो. मग शेजाऱ्याने नवी मोटार घेतली, आणि त्या कंपनीच्या नावाचं मूळ मला माहीत होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

६ मे

व्याह्यांना फोन केला. म्हटलं, यातला जाणकार गाठावा. त्यांनी उचलला. मी म्हटलं, नमस्कार. ते म्हणाले, नमस्कार. पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. तेही बोलेनात. मी ऐकत राहिलो. शेंगेचं टरफल फुटल्याचा आवाज आला. नंतर आणखी एक. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ती बरी आहे, काळजी करू नका. मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, ठेवू?

कित्येक वर्षांत इतकं चांगलं बोलणं कुणाशी झालं नव्हतं. हे मान्य करायला जिवावर येतंय, पण रोजनिशीत खोटं कशाला लिहा.

तरीही त्यांच्याकडे नाव तयार असणार. माझी खात्री आहे.

१७ मे

बायकोने मुलीचा फोन स्पीकरवर टाकला. मला आधी बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. नाही उघडलं. बाळाच्या लाथा, पायाला सूज, दवाखान्याची बॅग, सगळं ऐकलं. दोनदा खोकला आला, गिळला. शेवटी मुलीने विचारलं, बाबा घरी नाहीत का? बायको म्हणाली, समोरच बसलेत. मुलगी म्हणाली, मग आजारी आहेत का?

आणि हसली. थोडंसंच हसली, पण हसली. मी आत जाऊन तोंड धुतलं.

१ जून

मुलीकडे पोचलो. बसमधून उतरताना बॅग हलकी वाटली. उघडून बघितली तर पुस्तक नाही. बायकोने निघतानाच काढून ठेवलं होतं, त्या जागी माझे जास्तीचे बनियन घातले होते. मी विषय काढला नाही. तिनेही नाही.

मुलगी दारात उभी होती, एक हात कमरेवर. मला बघून म्हणाली, या. नुसतं या. मी चपला काढायच्या निमित्ताने खाली बघत राहिलो. चपलांना बंद नव्हते, तरी बराच वेळ लागला.

३ जून, बुधवार

बाळ आलं नाही. बायको कॅलेंडरकडे बघून माझ्याकडे बघते. मी खिडकीबाहेर बघतो. व्याही शेंगा फोडतात. मलाही एक मूठ दिली. आम्ही दोघांनी मिळून वाटी भरली. माझ्या निम्म्या शेंगांचे दाणे तुटतात. ते काही म्हणाले नाहीत.

८ जून, दुपार

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मी रडलो, व्याह्यांनी पाठीवर हात ठेवला, बायकोने दोघांना चहा आणून दिला. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं काही विसरलं तरी चालेल.

८ जून, संध्याकाळ

पुढचं लिहायलाच हवं.

खोलीत गेलो. मुलगी दमलेली, केस कपाळाला चिकटलेले. बाळ माझ्या हातात दिलं. उबदार, लालसर, मूठ घट्ट आवळलेली, कपाळावर एक आठी. मला बघून आणखी एक आठी पडली. मुलगी म्हणाली, बाबा, आता आली बघा हातात. आता सांगा. काय नाव ठेवू या?

ज्या क्षणासाठी चार महिने घासले, तो क्षण! बायको थांबली. जावई पुढे झाला. मी तोंड उघडलं.

एकही नाव आठवलं नाही.

पंचवीस हजार नावं. ग्रीक, लॅटिन, हिब्रू, जपानी, आठवड्याच्या सातही वारांची. डोक्यात फक्त हिचं नाक दिसत होतं. ते माझ्यावर गेलं आहे, बिचारी. मी म्हटलं, थांब हं. मग म्हटलं, म्हणजे असं बघ. मग पुन्हा म्हटलं, थांब. मुलीने बरीच वाट बघितली, तिला घाई नव्हती.

तेवढ्यात थर्मास हातात घेऊन दारात उभे असलेले व्याही हळूच एक नाव बोलले. दोन अक्षरी. बस्स. मुलीने जावयाकडे बघितलं. जावयाने ते म्हणून बघितलं. मुलीने म्हणून बघितलं, पहिल्यांदा मोठ्याने आणि मग बाळाच्या कानाशी. बायकोने डोळे पुसले. ठरलं. मला वाटतं चहा थंड व्हायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

मी विचारलं, अर्थ काय? व्याही म्हणाले, कुणास ठाऊक बुवा. कधीतरी कानावर पडलं होतं. आत्ता आठवलं.

कानावर पडलं होतं! मी पंचवीस हजार वाचली, आणि याच्या कानावर एक पडलं!

सगळे घरी जाईपर्यंत नाव बाहेर कुणाला सांगायचं नाही असं मुलीने सांगितलं आहे. सगळ्यांना सांगितलं, पण बघत माझ्याकडे होती. म्हणून इथेही लिहीत नाही. या खेपेला शब्द म्हणजे शब्द.

१४ जून, घरी

दुकान उघडायला आज परतलो. बायको तिथेच राहिली आहे. आल्या आल्या स्टूल घेतलं, कपाटावरून पुस्तक काढलं.

सापडलं. आहे. फार प्राचीन, हिब्रू. अर्थाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. काही म्हणतात, थकलेली. काही म्हणतात, गाय.

तिसरं मत नाही. पान उलटून बघितलं, पुढच्या पानावर दुसरंच नाव सुरू होतं.

खुर्चीत बसलो. हसू आलं, ते खूप वेळ थांबलं नाही. थकलेली गाय! चार महिने मी अस्वलं आणि घोडे हाकत होतो, आणि व्याह्यांनी न बघता दावणीला गाय आणून बांधली! आता माझ्या हातात हुकमाचा पत्ता आहे. ग्रुपवर टाकायचा नाही, ते शहाणपण आलंय. फक्त व्याह्यांना कळवावं. सौम्य भाषेत. सहज माहितीसाठी.

१५ जून, दुपार, दुकानात

व्याह्यांचा मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. सौम्य भाषेतही गाय ही गायच राहते.

दाताच्या डॉक्टरांनी पाटी दुसरीकडून करून घेतली. जाता-येता दिसली. अक्षरं बारीक आहेत आणि लॅकर ओघळलं आहे, पण तो आता माझा विषय नाही.

१६ जून, संध्याकाळ, दुकानात

मुलीचा फोन. माझ्या फोनवर. स्क्रीनवर तिचं नाव बघून आधी वाटलं, चुकून लागला असेल. मागून बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. आम्ही घरी पोचलो, म्हणाली, आता सांगा ज्याला सांगायचं त्याला. रात्री झोपू देत नाही, म्हणाली, पण हाक मारली की गप्प होते. खरंच होते, बाबा, तिला आवडलंय ते नाव.

मग म्हणाली, बाबा, अर्थ काय हो तिच्या नावाचा? तुम्ही बघितलाच असणार.

फेब्रुवारीपासून हे एवढं विचारावं म्हणून मी जीव टाकत होतो. पुस्तक घरून आणून काउंटरवरच ठेवलं होतं. पान उघडं. दोन्ही मतं डोळ्यांसमोर.

मी म्हटलं, सापडला नाही.

मग ती म्हणाली, त्या एवढ्या जाड पुस्तकात? म्हटलं, नाही बाई. सगळं चाळलं. पंचवीस हजार नावांत हे तेवढं नाही. ती हसायला लागली, चांगली मोकळी हसली, म्हणाली, म्हणजे तुम्हालाही एक येत नाही तर! आणि तिकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, ऐकलंत का, बाबांना अर्थ सापडला नाही!

फोन व्याह्यांनी घेतला. जो माणूस कधी बोलत नाही, तो आज बोलला. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांना सगळंच माहीत असतं असं नाही. तुम्ही एवढा अभ्यास केलात, तेच पुष्कळ. कारागिरांनी मशीन थांबवलं होतं, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

मी म्हटलं, हो.

व्याही म्हणाले, असेल काहीतरी चांगलाच अर्थ.

म्हटलं, असणारच.